तांब्या आणि ओंजळ

टाळेबंदी हा शब्द माझ्या पिढीला ठाऊक होता तो गिरणीचा. मालक-मजुरांचे बिनसले की फाटकाला कुलूप लागायचे आणि मुंबईला गेलेला गावचा एखादा गडी वळकटी खांद्यावर टाकून परत यायचा. घरालाही टाळेबंदी लागते, देवळाला, शाळेला, आठवडे बाजाराला आणि एस.टी.लाही एकाच वेळी टाळे पडते, हे आम्हाला कळले ते २०२० च्या मार्चमध्ये. २२ तारखेच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही अंगणात उभे राहून थाळ्या वाजवल्या आणि २५ तारखेपासून सारा देश दाराआड गेला.

माझे गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या काठी. शाळामास्तरकी करून निवृत्त झालो त्यालाही बरीच वर्षे लोटली. बाजारहाट आणि दवाखाना आम्हाला बारामतीचा. बारामतीत रुग्ण सापडू लागले तेव्हा राजस्थानातल्या भिलवाड्याच्या धर्तीवर शहर बंद करण्यात आले. किराणा आणि भाजी दारात येऊ लागली. माणसे मात्र दारात येईनाशी झाली.

त्या दिवसांत आम्ही सगळेच तत्त्वज्ञ झालो होतो. घरात बसलेल्या माणसाला दोनच उद्योग राहतात : खाणे आणि विचार करणे. दूरदर्शनवर पुन्हा लागलेले रामायण पाहून झाले, घरच्या घरी एकमेकांचे केस कापून झाले, आणि मग प्रत्येकाने मनाशी काही ना काही ठरवले. एकाने ठरवले की हे संपले म्हणजे बांधावरून तुटलेल्या भावाशी बोलायचे. दुसऱ्याने ठरवले की लग्नात उधळमाधळ करायची नाही. पन्नास माणसांतही लग्न लागतेच. पुण्याला नोकरी करणारा माझा मुलगा सहकुटुंब गावी आला होता, तो म्हणाला, "आता धावपळ बास. पुरेल तेवढंच कमवायचं." मला कोणी विचारले, "गुरुजी, टाळे उघडल्यावर कसं होईल हो?" तर मी चष्मा पुसत गंभीरपणे सांगे की जग पूर्वीसारखे राहणार नाही. शिक्षकाला न कळलेल्या गोष्टीही ठामपणे सांगण्याची सवय असते.

पुढे टाळे हळूहळू उघडले, मध्येच २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा लागले, आणि २०२२ च्या गुढीपाडव्याला महाराष्ट्रातले सारे निर्बंध उठले. तोंडावरची पट्टी ऐच्छिक झाली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आणि जग? ते पूर्वीसारखेच राहिले. भाजीवाली पैसे फोनवर घेऊ लागली. लहान मुलांच्या शाळा दीड वर्षाहून अधिक बंद राहिल्याने पोरांचे पाढे कच्चे राहिले. कितीतरी घरांत भिंतीवर एक तसबीर वाढली. एवढे सोडले तर सारे पूर्ववत. बांधावरून तुटलेले भाऊ अजून तुटलेलेच आहेत. लग्नांत पूर्वीहून मोठे मांडव पडतात. माझा मुलगा पुण्याला पूर्वीसारखाच धावतो आहे.

याबद्दल मी कोणाला दोष देणार नाही. माणसाने विसरणे हे पाप नव्हे. १९१८ च्या मानमोडीने हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसे नेली असे मानतात. पण माझ्या लहानपणी गावात तिची आठवण म्हणून एक दगडही उभा नव्हता. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांनीच पुढच्या वर्षी पेरणी केली. न विसरता नांगर धरता आला नसता. तेव्हा मोठमोठे संकल्प विरून गेले याची मला खंत नाही. मला सलते आहे ती एक फार लहान गोष्ट, आणि ती माझ्याच फाटकात घडली आहे.

२०२० च्या एप्रिलचे दिवस होते. आमच्याकडे दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड-नगरकडून ऊसतोडणीची माणसे येतात आणि उन्हाळा लागता लागता परत जातात. त्या वर्षी हंगाम संपत आला आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. पश्चिम महाराष्ट्रात अशी लाखाहून अधिक माणसे साखर कारखान्यांच्या आसपास अडकून पडली होती. त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय सरकारने १७ एप्रिलला घेतला. त्याआधीच्या आठवड्यातली ही गोष्ट. भर दुपारी एक बाई कडेवर लेकरू घेऊन आमच्या फाटकाशी आली. पदराने तोंड झाकून घेतले होते.

"बाबा, लेकराला पाणी मिळंल का?"

"तिथंच थांब," मी म्हणालो.

ती थांबलीच होती. मी तांब्या भरून आणला. तिने लेकरू खाली ठेवले, ओंजळ पुढे केली, आणि मी फाटकावरून हात वर धरून पाण्याची धार सोडली. ती प्यायली. ओल्या ओंजळीतून तिने लेकराला पाजले, "देव भलं करो" म्हणाली आणि गेली. मी आत येऊन साबणाने हात धुतले. वीस सेकंद, नियमाप्रमाणे. सौ. दारात उभी राहून हे सारे पाहत होती. ती म्हणाली, "सासूबाईंची धार जशीच्या तशी उतरली हो तुमच्या हातात."

मला राग आला. मी म्हणालो, "अगं, ते निराळं आणि हे निराळं. त्या काळी सोवळं होतं, आता साथ आहे."

"असेल," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

ते 'असेल' माझ्या मनातून जाईना. रात्री अंथरुणावर पडल्यावर आईची ती धार आठवली. आमच्या वाड्याच्या मागच्या दाराशी कोणी पाणी मागायला आले की आई असाच तांब्या उंच धरायची. तांब्या ओंजळीला लागू नये, ओंजळीतले शिंतोडे तांब्यावर उडू नयेत, इतकी नेमकी ती उंची असे. ती मला कोणी शिकवली नव्हती. उलट पस्तीस वर्षे मी वर्गात समतेचा धडा शिकवला होता. तरी त्या दुपारी हाताला ती उंची नेमकी सापडली.

यावर माझ्याकडे एक उत्तर होते, आणि ते साधे होते : साथीत अंतर ठेवलेच पाहिजे. पण ते उत्तर टिकले नाही, कारण त्याच आठवड्यात शेजारचे बागायतदार गप्पा मारायला आमच्या ओट्यावर आले होते. त्यांचा पुतण्या पुण्याहून नुकताच आला होता; म्हणजे रोग यायचाच असता तर त्या बाईपेक्षा त्यांच्याकडूनच येण्याचा संभव अधिक. मी त्यांनाही अंतरावर बसवले, नाही असे नाही. पण बसायला खुर्ची दिली, चिनी मातीच्या कपातून चहा दिला, आणि ते गेल्यावर कप गरम पाण्याने धुऊन घेतला. कप धुता येतो हे मला ठाऊक होते. मग पेलाही धुता आलाच असता की! त्या बाईला पेला द्यावा आणि मग तो धुवावा, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मी तिची जात विचारली नव्हती. हाताला ती विचारण्याची गरजच पडली नाही. मळके लुगडे आणि कोपीतले राहणे एवढे त्याला पुरले. साथ एकच होती, माणसे दोन होती, आणि मी अंतरेही दोन ठेवली.

यातूनच प्रश्न उभा राहतो. एक अंतर प्राण वाचवते आणि एक अंतर माणूस उणा करते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मग यातले कोणते कोणते, हे कसे ओळखावे?

याचा उलगडा मला आमच्या शाळेने केला. मे महिन्यात बाहेरगावची माणसे परत येऊ लागली तेव्हा त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवत असत. माझा एक जुना विद्यार्थी असाच मुंबईहून आला. घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. आई रोज डबा आणून कुंपणाच्या भिंतीवर ठेवायची, चार पावले मागे सरायची, आणि मग हा पुढे होऊन डबा घ्यायचा. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "गुरुजी, पहिल्या दिवशी आई मागं सरली तेव्हा मेल्यासारखं झालं बघा. मग पाहिलं तर तीच पदर डोळ्याला लावून उभी. मग काही वाटेना."

त्या पोराच्या बोलण्यात मला तीन खुणा सापडल्या. पहिली ही की त्या अंतराला मुदत होती. पंधराव्या दिवशी ते संपणार हे दोघांनाही ठाऊक होते. दुसरी, ते दोन्हीकडून सारखे होते : आईला तो जपत होता आणि त्याला आई. तिसरी, त्याची झळ ठेवणाऱ्यालाही लागत होती. ज्या अंतरात या तिन्ही खुणा असतील ते अंतर मायेचे. ते कितीही हातांचे असो, त्याने माणूस दुरावत नाही. आणि ज्याला मुदत नाही, जे एकाच बाजूने ठेवले जाते, आणि जे ठेवणाऱ्याला काडीचीही झळ लागत नाही, त्याला साथीचे नाव द्या, सोवळ्याचे द्या, स्वच्छतेचे द्या, ते अंतर दुसऱ्या जातीचे.

त्या दुपारची माझी धार या खुणांवर तपासली तर काय दिसते? मुदत? तिला मी कुठलीच मुदत मनात धरली नव्हती. दोन्हीकडून? मी 'तिथंच थांब' म्हणालो. तिला मला तसे म्हणता आले नसते. झळ? मी तर हात धुऊन जेवायला बसलो होतो.

माझी आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची. उंदीर पडू लागले की गावच्या गाव उठून रानात झोपड्या घालून राहायचे. वाड्यातली माणसे कुडाच्या भिंतीआड आली, दागिने पुरून ठेवले, चुली उघड्यावर मांडल्या. "सगळी एका मापाची झाली होती बघ," असे आजी म्हणायची. लहानपणी मला हे ऐकून गंमत वाटे. एकदा मी विचारले, "मग महारवाड्यातली माणसं कुठं होती गं?" आजी सहज म्हणाली, "ती ओढ्याच्या पल्याड." प्लेगने सारे गाव रानात नेले, पण जाताना आम्ही वेस बरोबर घेऊन गेलो होतो. साथ सरली, गाव घरी परतले, आणि वेसही आपल्या जागी येऊन बसली.

साथीने माणूस आपोआप शहाणा होतो, असे म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो. साथ काही शिकवत नाही. शिकायचे ते माणसाने शिकायचे असते. त्याच प्लेगमध्ये पुण्याजवळ सावित्रीबाई फुले होत्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले असे सांगतात. रुग्णांची सेवा करताना त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या साथीसाठी इंग्रजांनी जो साथरोग कायदा केला, तोच २०२० मध्ये पुन्हा आपल्या कामी आला. कायदा एकशे तेवीस वर्षे टिकला. सावित्रीबाईंची ती पाठ आपण किती टिकवली, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. १९२७ च्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकरांनी आपल्या ओंजळीत घेतले. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली. खरे आहे. त्या टाळेबंदीला घटनेने मुदत घातली. पण कायदा तळ्यापर्यंत येतो, देवळापर्यंत येतो. फडताळातल्या वेगळ्या कपापर्यंत त्याला येता येत नाही. कामवाल्या बाईचा कप, गड्याची ताटली, पार्सल घेऊन आलेल्या पोराला फाटकाबाहेर उभे करणे, यांवर कोणी खटला भरणार नाही. साथीत 'सामाजिक अंतर' हा शब्द जिकडेतिकडे लिहिलेला दिसे. तेव्हा मला वाटे, शारीरिक अंतर आम्हाला शिकवावे लागले हे ठीक. सामाजिक अंतराचे धडे आम्हाला कोणी कशाला द्यावेत?

संत तुकारामांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, इंदापूर अशी आमच्याच मुलखातून पंढरीला जाते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्या पालखीभोवती धावतात. बेलवाडीला अश्वाचे गोल रिंगण होते. २०२० आणि २०२१ साली पादुका एस.टी.ने गेल्या आणि रस्ता सुना राहिला. २०२२ मध्ये दिंड्या पायी आल्या तेव्हा आमच्या भागातली म्हातारीकोतारी रस्त्यावर येऊन रडली. मीही पाण्याची बादली आणि पेले घेऊन उभा होतो. कोणी कोणाच्या पाया पडत होते, ज्याला त्याला 'माउली' म्हणत होते, एकाच पेल्याने शंभर माणसे पाणी पीत होती. माझ्या हाताला त्या दिवशी उंची आठवली नाही.

मी धन्य झालो असे तेव्हा वाटले. पण पालखी इंदापुराकडे गेली, रस्ता झाडून झाला, आणि मनात आले : ज्या विठ्ठलाकडे ही माणसे चालली, त्याच्या दाराबाहेर चोखोबांची समाधी आहे. ते दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. वर्षानुवर्षे वारी चालत होती, लोक एकमेकांच्या पाया पडत होते, आणि देवळाचे दार काहींना बंदच होते. एक दिवसाची जवळीक सोपी असते. सणाला आपण सगळेच चांगले असतो. प्रश्न एकादशीचा नसतो, बारशीनंतरच्या दिवसांचा असतो.

म्हणून त्या उन्हाळ्यानंतर मी एक गोष्ट केली, आणि ती चुकली, तेही सांगतो. मी फाटकाशी पाण्याचा रांजण ठेवला, वर ओगराळे टांगले. येणाऱ्या-जाणाऱ्याने हवे तेवढे प्यावे. मोठ्या समाधानाने मी सौ.ला तो दाखवला. ती म्हणाली, "छान झालं. म्हणजे आता धार धरायलासुद्धा बाहेर यायला नको."

रांजण अजून आहे. वाटसरूंना उपयोगी पडतो. पण दारात येऊन पाणी मागणाऱ्याला आता आम्ही ओट्यावर बसवतो आणि फडताळातला, आम्ही पितो तोच पेला देतो. पहिल्या वेळी माझा हात किंचित थबकला, हे कबूल केले पाहिजे. हाताचे शिक्षण डोक्याच्या शिक्षणापेक्षा सावकाश होते.

मागल्या दिवाळीला तोडणीची माणसे नुकतीच आली होती. गावाबाहेर कोप्या उभ्या राहिल्या होत्या. सौ.ने फराळाचे ताट भरले आणि म्हणाली, "चला." आजवर आम्ही तिकडे काही पाठवले असेल तर ते कागदात बांधून, गड्याच्या हाती. ताट पाठवले नव्हते, कारण ताट परत आणावे लागते. आणि आपल्याकडची रीत अशी की ताट रिकामे परत करायचे नसते.

ती रीत तिकडेही होती. एका बाईने चकल्या-करंज्या काढून घेतल्या, ताट राखेने घासले, आत गेली, आणि त्यात दोन भाकरी आणि ठेचा घालून तिने ते आमच्यापुढे धरले. इतकी वर्षे आम्ही देत आलो होतो. घेण्याचा प्रसंग पहिल्यांदाच आला. देणारा हात नेहमी वर असतो. तांब्याही वर आणि ताटही वर. त्या दिवशी ओंजळ आमची होती.

घरी येऊन आम्ही दोघांनी त्या भाकरी खाल्ल्या. एक कडेला करपली होती. ठेचा इतका जहाल की डोळ्यांतून पाणी आले. सौ. पाण्याचा पेला पुढे करीत म्हणाली, "बघा, आता कोण कुणाला पाणी पाजतंय!"

टाळे उघडल्यावर आयुष्य किती बदलेल, असे मला तेव्हा लोक विचारीत आणि मी जगाच्या गोष्टी सांगे. आज कोणी विचारले तर मी एवढेच विचारीन की तुमच्या फडताळात वेगळा ठेवलेला एखादा कप आहे का. असेल तर या दिवाळीच्या साफसफाईत तो इतर कपांत मिसळून टाका. आणि फराळाची ताटे शेजारीपाजारी जातील तेव्हा एक ताट जरा लांब जाऊ द्या. ते परत येईल त्या वेळी घरी राहा.